मांस सोडलं, पण दातांना अजून काम हवंय : पर्यायांचे अनुभव सांगा

मधली_सुट्टी

चार महिने झाले, मांस-मासे बंद. अंडी आणि दूध चालू आहे, म्हणजे व्हीगन वगैरे अजून नाही. कारण विचारलं तर तत्त्वज्ञान झाडता येत नाही मला. घरी मांस आणून साफ करायचं काम इतकी वर्षं माझ्याकडेच होतं, एक दिवस सुरी हातात घेतली आणि वाटलं आज नको. ते "आज" अजून चालूच आहे.

आता अडचण. चवीची आठवण येते म्हणावं तर तसंही नाही, मसाला तोच मीठ तेच. पण जेवून उठलो की वाटतं दातांनी काही केलंच नाही, सगळं मऊ मऊ गिळून झालं. म्हणून पर्याय शोधायला लागलो. सोया चंक्स : ओला स्पंज चावतोय असं वाटलं. टोफू (सोयाचं पनीर) : बाहेरून तिखट, आतून कोरा करकरीत. फ्रोझन पॅटी (वनस्पतींपासून केलेली, मांसासारखी टिक्की) : पहिल्या दिवशी वा वा, तिसऱ्या वेळी पाकीट फोडल्यावर जो वास आला त्यानेच पोट भरलं, आणि गार झाली की पिठूळ लागते ती वेगळीच.

घरात बायको खाते मांस, तिला बंदी नाही, त्यामुळे दोन कढया दोन उलथणी असा संसार चाललाय.

तर प्रश्न एवढाच, ज्यांनी सोडलंय त्यांना पर्यायांत काही सापडलं का, की शोध बंद करून मुकाट जे आहे ते खावं?

खवचट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पॉपकॉर्न व्हीगन आहेत, बटर नाही टाकलं.

चिमणचारा

मी जन्मापासून शाकाहारी त्यामुळे मला हे कोडं कधीच सुटलेलं नाही. सोडलं ना? मग सोडा की. त्याचीच नक्कल करून, त्याचाच आकार देऊन, लाल रंग घालून खायचं म्हणजे मन अजून तिकडेच आहे असा त्याचा अर्थ. मला एकदा कुणीतरी कौतुकाने असली पॅटी खायला घातली आणि "अगदी खऱ्यासारखी आहे" असं सांगितलं, एक घास खाऊन उठले मी. खऱ्यासारखी नकोच आहे मला.

मधली_सुट्टी

चिमणचाराताई, तुम्हाला नकोच आहे हे समजलं, पण ती तुमच्यासाठी केलेलीच नाही ना. मी चव वाईट म्हणून सोडलं नाही. चव चांगलीच होती. सिगारेट सोडणारा च्युइंगगम चघळतो त्याला कुणी म्हणत नाही की तुझं मन धुरात आहे.

खवचट

म्हणतात म्हणतात. बायका म्हणतात.

ठिणगी

मी स्वयंपाकाच्या धंद्यात आहे त्यामुळे जरा लांबण लावते, आधीच माफी.

टोफू कोरा लागतो कारण त्यात पाणी ठासून भरलंय आणि तू ते काढलं नाहीस. मसाला आत शिरायला जागाच नाही, आत आधीच बिऱ्हाड आहे. आणि दुसरं म्हणजे भाजलेल्या मांसाचा जो वास आपल्याला आवडतो ना तो बराचसा मांसाचा नसतोच, भाजण्याचा असतो. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर चांगली तापली की तो खरपूस तपकिरी थर येतो, मायार्ड अभिक्रिया म्हणतात त्याला, पावाच्या कडेला तीच आणि भाजलेल्या कॉफीला तीच. पण तिला साधारण १४० अंशांच्या वर तापमान लागतं आणि ओला पृष्ठभाग १०० च्या वर जातच नाही, पाणी असेपर्यंत नुसती वाफ. म्हणजे तू टोफू भाजतोयस असं तुला वाटतं, प्रत्यक्षात तू तो उकडतोयस.

तर घट्टातला घट्ट टोफू आण, रात्रभर फ्रीजरमध्ये टाक. पिवळट पडेल, घाबरू नकोस, वितळला की परत पांढरा होतो. पूर्ण वितळू दे आणि मग दोन्ही तळव्यांत धरून सावकाश पिळ. बर्फाने आतून भोकं पाडलेली असतात त्यामुळे तो पाणी सोडतोही आणि नंतर मसाला पितोही, आणि मुख्य म्हणजे त्याला चिवटपणा येतो, जो तुला पाहिजे. मग हाताने तोड, सुरीने कापू नकोस, ओबडधोबड कडा जास्त खरपूस होतात. तवा नीट तापवून, गर्दी न करता, आणि टाकल्यावर हलवू नको!! लोक ढवळत बसतात.

सोया चंक्सचंही तेच. खारट पाण्यात उकळ, पिळ, पाणी फेक, नव्या पाण्यात बुडवून परत पिळ. तो जो कच्चट वास असतो तो त्या पहिल्या पाण्याबरोबर जातो. मग कोरड्या तव्यावर परतायचे आणि शेवटी रसात टाकायचे. ओला स्पंज लागले म्हणजे तू ते भिजवून सरळ रसात टाकले असणार, खरं सांग.

मधली_सुट्टी

सरळ रसात टाकले. पकडलात.

उपद्व्यापी

दातांना काम हवं असेल तर सीटान. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन. कणीक मळायची, तासभर ठेवायची आणि मग पाण्याखाली धूत बसायचं, पांढरं पाणी म्हणजे स्टार्च निघून जातो आणि हातात उरतो तो चिवट गोळा. तयार ग्लुटेनचं पीठ पण मिळतं पण मला कुणीतरी सांगितलं की खरी मजा धुण्यात आहे. तर माझी पहिली मजा सांगतो. अर्धा तास धुतलं, बेसिन तुंबलं, एवढ्या मोठ्या गोळ्यातून मुठीएवढा ऐवज उरला, तो मी खळखळत्या पाण्यात सोडला आणि फोनवर बोलत बसलो. परत आलो तर तो फुगून दुप्पट झालेला आणि आतून मेंदूसारखा जाळीदार. चावला तर दात परत वर यायचे, स्प्रिंगसारखे. कुत्र्याला दिला, त्याने तो चेंडू समजून दोन दिवस खेळला.

पाचव्या प्रयत्नाला जमला. खळखळून उकळायचा नाही हे पहिलं, पाणी नुसतं हलतंय इतपत आच. दुसरं, नुसतं ग्लुटेन घेतलं तर रबरच होणार, त्यात थोडं कडधान्याचं पीठ किंवा कुस्करलेला टोफू मिसळायचा म्हणजे चावा सुटतो. तिसरं, शिजला की त्याच पाण्यात गार करून रात्रभर फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी कापून परतायचा. पहिल्या दिवशी खाल्ला तर शिव्या द्याल.

रविवारची_झोप

>>त्याने तो चेंडू समजून दोन दिवस खेळला

ऑफिसात हसले जोरात, आता सगळे बघतायत.

निदान_तरी

उपद्व्यापींच्या पाककृतीत एक गोष्ट नकळत बरोबर झाली आहे. ग्लुटेनमध्ये प्रथिनं भरपूर पण लायसिन हे अमिनो आम्ल कमी. कडधान्यांत आणि सोयात ते चांगलं असतं. त्यामुळे त्यांनी चाव्यासाठी जे मिसळलं ते आहाराच्या दृष्टीनेही योग्यच. प्रत्येक घासात जोडी जमवायची गरज नसते हं, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी चालतं.

ज्यांना ग्लुटेन सोसत नाही त्यांनी अर्थातच सीटानच्या वाटेला जाऊ नये.

गोळी_विसरलो

धागाकर्त्याने अंडी-दूध ठेवलंय म्हणून ठीक, पण व्हीगन होणार असशील तर माझी गोष्ट ऐक. मी तीन वर्षं पूर्ण व्हीगन, एकदम उत्साहात, सगळ्यांना उपदेश करत फिरायचो. बी१२ ची गोळी घ्यायची असते हे वाचलं होतं पण वाटलं माणूस हजारो वर्षं काय गोळ्या खात होता का. तिसऱ्या वर्षी पायाला मुंग्या यायला लागल्या. मी म्हटलं बसायची सवय वाईट, खुर्ची बदलली. मग बोटांना. मग शब्द आठवेनात, बोलता बोलता थांबायचो. खुर्चीवर चिकार पैसे घालवल्यावर रक्त तपासलं, बी१२ तळाला. इंजेक्शनं घ्यावी लागली, बाकी सगळं सुधारलं पण डाव्या पायाच्या अंगठ्याला अजून जरा बधिरपणा आहे. आयडी त्यावरूनच घेतलाय.

निदान_तरी

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. बी१२ ना वनस्पती बनवतात ना प्राणी, ते बनवतात जिवाणू. यकृतात त्याचा साठा इतका असतो की बंद केल्यावर काही वर्षं कळतसुद्धा नाही, म्हणून लोकांना वाटतं आपल्याला काही होत नाही. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे जवळपास काहीच नाही, पण ते काहीच नाही म्हणजे शून्य नाही. आणि भाज्या-कडधान्यांतून फोलेट (बी९) भरपूर मिळत असेल तर रक्तक्षय झाकला जातो आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. अंडी-दूध खाणाऱ्यांनीही अधूनमधून तपासावं.

हिरवळ

गोळ्या कशाला, स्पिरुलिना घ्या. नैसर्गिक बी१२ असतं त्यात. मी दोन वर्षं घेतेय, एकदम फ्रेश वाटतं.

निदान_तरी

हिरवळताई, स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांशी खोटं बी१२ असतं. रचना मिळतीजुळती पण आपल्या शरीराला त्याचा उपयोग नाही. फ्रेश वाटतं त्याबद्दल आनंदच आहे पण एकदा रक्त तपासा. मुंग्या येईपर्यंत थांबू नका.

हिरवळ

बरं. घाबरवलंत. तपासते.

पाचवा_कोपरा

कुणी बोलत नाहीये ते मी बोलतो. वायू. मांस सोडून एकदम कडधान्यांवर उडी मारलेल्या माणसाबरोबर लिफ्टमध्ये जाऊ नका एवढंच सांगेन. माझे पहिले दोन महिने घरातल्यांनी जे सोसलं त्याला तोड नाही.

निदान_तरी

हाहा. रॅफिनोज वगैरे साखरा असतात कडधान्यांत, आपल्याला त्या पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात. प्रमाण हळूहळू वाढवलं, भिजवलेलं पाणी फेकलं तर काही आठवड्यांत बरंच निवळतं. आणि हो, राजमा भिजवून किमान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, मंद आचेच्या भांड्यात कच्चा टाकून दिवसभर ठेवला तर त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्ट होत नाही आणि उलट्यांनी हैराण व्हाल.

तराजू

विषय निघालाच आहे तर पर्यावरणाचं बोलू. २०१८ साली सायन्स या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, ११९ देशांतल्या जवळपास ३८,७०० शेतांची माहिती गोळा करून. १०० ग्रॅम प्रथिनांमागे फक्त मांसासाठी पाळलेल्या गुरांचं सरासरी उत्सर्जन सुमारे ५० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं, टोफूचं २ किलो. फरक बघा. पण मला त्यातली खरी गंमत वाटली ती वेगळीच. चीज सुमारे ११ किलो आणि कोंबडी ६ च्या आत. म्हणजे जो माणूस पर्यावरणासाठी चिकन सोडतो आणि प्रथिनं भरून काढायला चीज चापतो त्याचा हिशोब उलटा गेला.

चिमणचारा

म्हणजे मी जन्मभर शाकाहारी असून कोंबडी खाणाऱ्यापेक्षा वाईट का?

तराजू

तुम्ही चीज किती खाता त्यावर आहे.

चिमणचारा

हा काय प्रश्न झाला. आमचा शाकाहार पर्यावरणासाठी नव्हताच मुळी, जीव घ्यायचा नाही म्हणून होता. तुमचा तराजू तुमच्याकडेच ठेवा.

उलटतपासणी

जीव घ्यायचा नाही म्हणता तर दूध देणाऱ्या जनावराला होणाऱ्या नर पिल्लांचं पुढे काय होतं हा प्रश्न येतोच ना. म्हणूनच १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी व्हेजिटेरियनवाल्यांपासून वेगळं होऊन व्हीगन सोसायटी काढली. व्हेजिटेरियन शब्दाची पहिली काही आणि शेवटची दोन अक्षरं घेऊन व्हीगन केलं, म्हणजे आरंभ आणि शेवट आम्ही, मधलं दूध-अंडं तुम्ही ठेवा, असा टोमणा :)

चिमणचारा

मधलं ठेवलंय आम्ही. त्रास नाही काही.

सुटाबुटातला

पण सोया म्हणजे जंगलतोड ना? मग टोफू खाऊन कसलं पुण्य?

तराजू

जगातल्या सोयाबीनपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनावरांच्या खाद्यात जातं. टोफू, सोया दूध, टेंपे वगैरे माणसाने थेट खायच्या पदार्थांत अगदी थोडं. कोंबडी खाणारा सोयाच खातो, कोंबडीमार्फत.

सुटाबुटातला

आणि पुरुषांनी सोया खाऊ नये म्हणतात, हार्मोन्स बिघडतात, ते?

निदान_तरी

सोयातले आयसोफ्लेव्होन हे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखे दिसतात, पण इस्ट्रोजेन नव्हेत. २०१० आणि परत २०२१ साली सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिलं गेलं, पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम आढळला नाही. बिनधास्त खा. थायरॉइडची गोळी घेत असाल तर मात्र सोया आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवा.

खवचट

सुटाबुटातल्याचा मूळ प्रश्न हा होता, बाकी जंगल वगैरे प्रस्तावना होती.

जुनं_खोड

मला एक सांगा, या पॅटीच्या पाकिटावर वीस घटक असतात. मेथिलसेल्युलोज म्हणजे काय? वॉलपेपर चिकटवायच्या खळीत पण असतं ते. मांसात घटक एकच, मांस. आणि तुम्ही याला आरोग्यदायी म्हणता!

ठिणगी

काका, पाणी पण काँक्रीटमध्ये असतं. मेथिलसेल्युलोजची खोड अशी की ते तापवलं की घट्ट होतं आणि गार झालं की परत सैल, जिलेटिनच्या बरोबर उलट. म्हणून पॅटी तव्यावर एकसंध राहते, आणि म्हणूनच सुट्टीभाऊंना ती गार झाल्यावर पिठूळ लागली. ती गरमच खायची असते. शिवाय त्यात खोबरेल असतं बऱ्याचदा, ते चोविसेक अंशांना वितळतं, चरबीसारखं पाझरायला.

पण काकांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. मीठ बघा पाकिटावर. कच्च्या मांसात मीठ नगण्य असतं, ते आपण घालतो. या पॅटीत ते आधीच घातलेलं असतं आणि वरून आपण परत घालतो.

उलटतपासणी

स्टॅनफर्डचा एक प्रयोग आहे २०२० चा. ३६ जण, आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतीचं मांस, बाकी खाणं शक्यतो तेच. पर्याय खाताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि टीएमएओ (हृदयविकाराशी जोडला जाणारा रक्तातला घटक) दोन्ही कमी झाले.

जुनं_खोड

पैसे कुणी दिले होते प्रयोगाला?

उलटतपासणी

बियॉन्ड मीटने, म्हणजे वनस्पतीचं मांस विकणाऱ्या कंपनीनेच. हो, ते लिहायला हवं होतं मी. पण त्यांनी ते लपवलेलं नाही, निबंधातच आहे.

जुनं_खोड

हं.

निदान_तरी

दोन्ही बाजूंनी जरा दमाने. ब्रिटनमधल्या एपिक-ऑक्सफर्ड या आहार-आरोग्याच्या पाहणीत शाकाहाऱ्यांना रक्तवाहिन्या अरुंद होऊन होणारा हृदयविकार सुमारे २२ टक्के कमी दिसला पण पक्षाघात २० टक्के जास्त, हे २०१९ साली आलं. २०२० मध्ये त्याच पाहणीत व्हीगन लोकांत हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्के जास्त. ही निरीक्षणं आहेत, कारण सिद्ध झालेलं नाही, वजन कमी असणं आणि कॅल्शियम-प्रथिनं कमी पडणं हे त्यात असावं. म्हणून व्हीगन होताना कॅल्शियमचा क्षार घालून घट्ट केलेला टोफू घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. लोहाचंही तसंच, मांसातलं हीम लोह सहज शोषलं जातं, वनस्पतींतलं कमी, पण जेवणात आंबट फळ असलं तर वाढतं आणि जेवणाला चिकटून चहा-कॉफी घेतली तर घटतं.

शब्दखोर

मला या सगळ्यापेक्षा नावांचं भांडण आवडतं. युरोपच्या न्यायालयाने २०१७ साली ठरवलं की सोयाच्या पेयाला दूध म्हणून विकायचं नाही. पण नारळाचं दूध चालतं, ते अपवादांच्या यादीत आहे. मग २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने फ्रान्सला सांगितलं की कायद्याने नाव बांधून दिलेलं नसेल तर भाज्यांच्या स्टेकला स्टेक म्हणायला सरसकट बंदी घालता येणार नाही. म्हणजे सोयाला थन नाहीत म्हणून दूध नाही, नारळाला आहेत बहुतेक.

खवचट

वर लटकलेले असतात, मोजायला कुणी गेलं नाही.

बोकेश

अवांतर. मी व्हीगन झालो तर मांजरालाही करावं का? घरात मांसाचा डबा उघडताना अपराधी वाटतं.

निदान_तरी

मांजर नको हो. टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्याला अन्नातूनच लागतं, शरीरात पुरेसं बनवता येत नाही, कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. निसर्गाने त्याला पक्कं मांसाहारी केलंय.

बोकेश

बोक्याला वाचून दाखवलं. त्याने अंगठा दिला असता, नाहीये त्याला.

रविवारची_झोप

अजून एक अवांतर, प्रयोगशाळेतलं मांस आलं तर तुमच्यातले कोण कोण खातील? २०१३ साली लंडनमध्ये तो पहिला बर्गर खाऊन दाखवला होता, २०२० मध्ये सिंगापूरने विकायला परवानगी दिली, २०२३ मध्ये अमेरिकेने.

चिमणचारा

नाही.

उलटतपासणी

सुरुवातीला पेशी वाढवायला वासराच्या गर्भाच्या रक्तातलं द्रव वापरायचे. आता त्याशिवायही वाढवतात. त्याशिवायचं असेल तर मी खाईन, जीव गेला नाही तर मला हरकत काय.

जुनं_खोड

मी खातोच आहे, मला कशाला पाहिजे.

रिकामा_डबा

मी वर्षभर शाकाहारी होतो आणि परत खायला लागलो. कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण अशा धाग्यांवर फक्त यशस्वी लोक लिहितात. भूक लागायची सारखी. आता कळतंय की मी ताटातून मांस काढलं आणि त्या जागी काही ठेवलंच नाही, उरलेलं थोडं जास्त वाढून घेतलं एवढंच. आणि पर्यायांचं गणित पण चुकलं, सोया चंक्सच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ५० ग्रॅम प्रथिनं वाचून खूश व्हायचो, पण ते कोरड्याचं असतं. भिजल्यावर तिप्पट होतात आणि मी वाटीभर भिजलेल्यांत तेवढी प्रथिनं धरून चालायचो. एका प्रवासात भुकेने डोकं फिरलं, जे समोर होतं ते खाल्लं. मग लाज वाटून सहा महिने कुणाला सांगितलं नाही, लपून खायचो. ते लपून खाणं सगळ्यात वाईट होतं.

मधली_सुट्टी

रिकामा_डबा, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. ताटात ती जागा रिकामी ठेवण्याचं माझंही तेच झालं होतं बहुधा.

गोळी_विसरलो

+१. आठवड्याला चार दिवस करा की. सगळं नाहीतर काहीच नाही असं कुणी सांगितलंय.

ठिणगी

सुट्टीभाऊ, एक राहिलं. वाळवलेले शिटाके मशरूम आणून ठेव. मांसाची जी खोल चव असते ती उमामी, १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी रसायनतज्ज्ञाने समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं करून तिला नाव दिलं. वाळलेल्या शिटाकेत ग्वानिलेट नावाचं दुसरं चवद्रव्य असतं आणि ते ग्लुटामेटबरोबर आलं की दोघांची बेरीज न होता गुणाकार होतो. शिटाके भिजवलेलं पाणी फेकू नकोस, त्यात टोमॅटो आणि थोडा सोया सॉस, आणि तो पिळलेला टोफू त्यात टाक. मग सांग.

मधली_सुट्टी

तीन आठवड्यांनी आलोय, धागा वर काढतोय.

टोफू गोठवून पिळून केला. पहिल्यांदा घाईत नीट वितळला नव्हता, मध्ये बर्फ, तव्यावर टाकला तर आतषबाजी, हातावर डाग आहे अजून. दुसऱ्यांदा जमला. कडा खरपूस, आत चिवट, शिटाकेच्या पाण्याने खरंच काहीतरी खोल आलं. मांस नाही लागला, पण मी तो चावला, दात दमले. एवढंच पाहिजे होतं.

सोया चंक्स दोनदा पिळले, वास गेला. आवडले असं नाही म्हणणार, सहन झाले.

सीटान केला, उपद्व्यापींच्या पद्धतीने, तयार ग्लुटेन घेऊन (धुतलं नाही, बेसिनवर प्रेम आहे). सुट्टीच्या दिवशी सकाळी मळला, दुपारी शिजवला, दुसऱ्या दिवशी परतला. आणि करताना एक लक्षात आलं. पॅटी सहा मिनिटांत होते. पूर्वी सुट्टीच्या दिवशी मी दोन दोन तास चुलीपाशी असायचो, कापणं, मुरवणं, झाकण उघडून बघणं, पोरं येऊन चव बघून जायची. चार महिने ते काहीच नव्हतं. चावायचं राहिलं होतं हे खरं, पण हेही राहिलं होतं.

बायकोने खाल्ला. म्हणाली, "मांस नाहीये हे कळतंय, मीठ कमी आहे." दुसरा तुकडा मात्र घेतला.

बी१२ तपासलं, खालच्या काठाला निघालं, चार महिन्यांत एवढं उतरत नाही म्हणे, आधीपासूनच कमी असणार. गोळी चालू. व्हीगनचं सध्या नाही, अंडं ठेवतोय.

आता टेंपे आणलाय, सोयाबीन बुरशीने बांधलेला. पाकीट उघडलं तर पांढऱ्या बुरशीवर काळे करडे डाग आहेत. फेकू का?

ठिणगी

फेकू नकोस, काळे-करडे डाग म्हणजे त्याच बुरशीचे बीजाणू, चालतात. गुलाबी किंवा निळा-हिरवा असता तर सरळ कचऱ्यात. चिकट झाला असेल किंवा झणझणीत अमोनियाचा वास येत असेल तरी फेक. आधी दहा मिनिटं वाफव, कडवटपणा जातो, मग मुरव.

मधली_सुट्टी

वास मशरूमसारखा आहे. वाफवायला ठेवतो.

उपद्व्यापी

उरलाच तर माझ्या कुत्र्याकडे पाठवा, चेंडू फाटलाय त्याचा.